अक्काचा पुरवणी प्रश्न

आमच्या तंजावुरात हिवाळा म्हणून नसतोच. मार्गळी महिन्यात पहाटे दारात कोलम, म्हणजे रांगोळी, घालताना पदर जरा घट्ट ओढावा इतपत गारवा, की संपलं. हिवाळी अधिवेशन मात्र दर वर्षी येतं. कार्तिगै लागली, दारादारांत पणत्या आल्या, काळी वेष्टी नेसलेले अयप्पाचे भक्त रस्त्यानं दिसू लागले, की तिकडे दिल्लीत सभा भरते. मला ऋतू कळतो तो असा. पावसाचं विचारू नका, तो आमच्याकडे मनाला येईल तेव्हा येतो.

परवा अधिवेशन सुरू झालं. टीव्हीवर हिरवी बाकं दिसली. इमारत नवी, माणसं नवी, आरडाओरडा तोच. विरोधी पक्षाचा एक तरुण सदस्य हातातला कागद हलवत सरकारच्या पुढाऱ्याला काहीतरी विचारत होता, आणि तो पुढारी मान किंचित कलती करून, ओठांच्या कोपऱ्यात हसत ऐकत होता. ते हसू मी चांगलं ओळखते. उत्तर द्यायचंच नाही असं ज्यानं आधी ठरवलेलं असतं, तो माणूस असा हसतो. माझं डोकं तडकलं. मी रिमोट उचलला तशी स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, "बंद नको करूंस गे, चिन्नी. आवाज तेवढा काढ." मग मी आवाज बंद केला, आणि आम्ही दोघी बराच वेळ ती मुकी तोंडं हलताना पाहत बसलो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, अंबुजा. चिन्नी म्हणजे मी. तमिळमध्ये चिन्नी म्हणजे धाकटी, आणि साठी उलटली तरी मी या घरात चिन्नीच आहे. जुन्या मराठा राजांच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आम्ही दोघी राहतो. घर लहान, पुढे तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, आणि त्यावर शेजारच्या घरची मांजरं. या गल्लीत आमच्यासारखी मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण पोरांना ती भाषा नुसती कळते. आजी मराठीत ओरडते, नातू तमिळमध्ये उत्तर देतो, आणि दोघांचं उत्तम चाललेलं असतं. देवनागरी वाचणारा तर हजारात एक. मी शिकले ती रागापोटी शिकले. कशाचा राग, ते पुढे येईलच.

एक्क्याण्णव सालानंतरच्या त्या वर्षांत सगळे म्हणत, देश उघडला. आमच्या बसस्टँडवर ते दिसतच होतं. कालपर्यंत जिथे कुलपं दुरुस्त करणारा बसायचा तिथे पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आलं. सायकलच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास आला. आणि जिकडेतिकडे परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या एजंटांची कार्यालयं आली, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर जगाचा नकाशा. आधी अशा कामाला दहा ठिकाणची परवानगी लागायची म्हणे. आता लागत नव्हती. चांगलं झालं, असं आम्हीही म्हणत होतो.

अक्काचे यजमान, आमचे मुरळी भावजी, पापनाशमचे. कारखान्यात फिटर होते. मशीनचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगायचे आणि जेवताना सांबारात मीठ किती कमी आहे तेही सांगायचे. एजंटानं त्यांना मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरी लावून दिली. जहाज एका देशातल्या मालकाचं, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे. कुणाचं जहाज, असं मी त्यांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "चिन्नी, पाण्यावर चालतें तेवढें पुरें की."

निघताना आईनं हातावर दही घातलं. कुणी "कुठे" विचारलं नाही, कारण निघणाऱ्याला कुठे विचारू नये. भावजी "जातों" म्हणाले नाहीत, कारण तसं म्हणू नये. "येतों" म्हणाले. तमिळमध्येही तसंच, पोयिट्टु वरेन, जाऊन येतो. दोन्ही भाषांत येतो म्हणून गेलेला माणूस तो.

पुढे एका पावसाळ्यात जहाजाशी संपर्क तुटला. कंपनीचा निरोप एवढाच होता, संपर्क तुटला आहे. बुडालं म्हणाले नाहीत, सापडलं म्हणाले नाहीत. अप्पा, म्हणजे आमचे वडील, मद्रासला जाऊन आले, तर कंपनीच्या दाराला कुलूप. सरकारी कचेरीत गेले, तर जहाज परदेशी झेंड्याचं, आमच्याकडे नोंद नाही. मग दुसरी कचेरी, मग तिसरी. सगळीकडे माणसं चांगली वागली. बसायला खुर्ची दिली, एकानं तर कॉफी पाजली. भावजींचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

आणि इकडे अक्का. तिचं नक्की काय झालंय तेच कुणाला माहीत नव्हतं. ती सवाष्ण होती की नव्हती? कुंकू लावावं की नाही? नवरात्रात आमच्या गल्लीत घरोघर गोलू मांडतात, बाहुल्यांच्या पायऱ्या, आणि सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावतात. पहिल्या वर्षी तिला बोलावणी आली. दुसऱ्या वर्षीही आली, पण तांबूल हातात देताना बायकांचा हात मध्येच अडायचा. त्यानंतर बोलावणं यायचं ते सगळं आटोपल्यावर, "अय्यो, तुम्हांला निरोप नाहीं पोचला?" असं. त्या बायकांना दुष्ट म्हणवत नाही मला. त्याही घाबरलेल्या होत्या. पण एकीनं तरी तोंडावर विचारावं ना! सगळ्या मूग गिळून बसलेल्या.

अक्काला रडताही येत नव्हतं. डोळ्यांत पाणी दिसलं की आई म्हणायची, "हं, पूस तें. कुंकवाच्या बाईनें असें रडूं नये. वास्तू तथास्तु म्हणते." घराची वास्तू म्हणे दिवसभर तथास्तु पुटपुटत असते, वाईट बोललं की तेच खरं होतं. आमच्या घरात तांदूळ कधी संपले नाहीत, ते "वाढले". दिवा कधी विझला नाही, बांगडी कधी फुटली नाही. एका अशुभ शब्दावर दहा गोड शब्द पांघरून आम्ही जगलो. मला त्याची चीड यायची. मी तेव्हा नुकतीच कलेक्टर कचेरीत कारकून लागले होते, आणि तिथेही दिवसभर तेच पाहत होते. अर्ज नाकारला असं कुणी म्हणत नसे. विचाराधीन आहे, म्हणत. माझ्या आईची भाषा आणि सरकारची भाषा सख्ख्या मावसबहिणी आहेत, हे मला तिथे बसून कळलं.

खासदारसाहेब आमच्या घरी आले ते अगदी योगायोगानं. खासदारांची कसलीशी समिती दक्षिणेत फिरत होती. अप्पा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पाहुण्यांना राजवाडा दाखवायची त्यांना फार हौस. त्या समितीत महाराष्ट्रातले एक खासदार होते, विरोधी पक्षाचे, अंगानं आडवे, आवाज नगाऱ्यासारखा. अप्पांचं मराठी ऐकून ते जे हसायला लागले ते थांबेनात. "अहो मास्तर, तुम्ही माणूस आहात की बखर?" असं म्हणत अप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि सरळ आमच्याकडे जेवायलाच आले.

जेवण झालं. हात धुताना अप्पांनी त्यांना भावजींचं सांगितलं. आमच्या तमिळनाडूतले झाडून सगळे खासदार तेव्हा सरकारच्या बाजूचे, ते सरकारला अडचणीत कशाला आणतील? हे अप्पा बोलले नाहीत, पण ते सगळ्यांना माहीत होतं. खासदारसाहेबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग म्हणाले, "मी विचारतो. सभागृहात विचारतो. उभं करतो मंत्र्याला. बघू कसा उत्तर देत नाही ते!"

मी अक्काकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हातात ताकाची कासंडी. इतक्या दिवसांत "मी विचारतो" असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. तिनं आत जाऊन त्यांच्यासाठी आणखी एक टंबलर कॉफी केली, नुकतंच भरपेट जेवण झालेलं असताना. त्यांनी ती मुकाट्यानं प्यायली.

त्यानंतरचे महिने अप्पा तरुण झाले होते. प्रश्न कसा द्यावा लागतो, चिठ्ठ्या टाकून कुणाचा प्रश्न लागेल ते कसं ठरतं, तारांकित म्हणजे काय, ते येणाऱ्याजाणाऱ्याला तिण्णैवर बसून समजावून सांगत. मूळ प्रश्नाला मंत्री छापील उत्तर देतो. त्यात काही अर्थ नसतो. खरी गंमत नंतर. ज्यानं प्रश्न दिला तो सदस्य उभा राहून पुरवणी प्रश्न विचारतो, आणि तो मंत्र्याला आधी माहीत नसतो. "तिथें पकड असते पाहा," अप्पा मूठ आवळून म्हणत. त्यांचे पूर्वज राजाच्या दरबारात अर्ज वाचून दाखवायच्या कामावर होते म्हणे. अप्पांच्या लेखी दिल्लीची सभा म्हणजे तोच दरबार, फक्त जरा लांबचा. तिथे बोललेला शब्द फुकट जात नाही, अशी त्यांची खात्री होती.

आमचा प्रश्न लागला. दिवस ठरला, कार्तिगै दीपमच्या, म्हणजे पणत्यांच्या सणाच्या, आदला. आम्ही देव पाण्यात घालून बसलो, कारण त्या अधिवेशनात रोज दंगा होता. कुठल्याशा मोठ्या घोटाळ्यावरून विरोधक उठत, सभा तहकूब होई, आणि त्या दिवसाचे सगळे प्रश्न बारगळत. खासदारसाहेबांनी निरोप पाठवला, आपल्या दिवशी दंगा होऊ देत नाही, पण फोन करा, पुरवणी प्रश्न पक्का करू.

फोनला आम्ही तिघं गेलो, अप्पा, आई आणि मी. अक्काला घरी ठेवलं. दुधाला विरजण लावायचं आहे, असं काहीतरी आई म्हणाली. एसटीडी बूथ म्हणजे काचेचं कपाट, त्यात एक माणूस मावायचा, आम्ही तिघं घुसलो. बाहेर लोक रांगेत, डोक्यावर लाल आकड्यांचं मीटर पळतंय. खासदारसाहेबांचा आवाज इतका मोठा की अप्पांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, ऐका. पळवाट ठेवायची नाही. मी एवढंच विचारणार. ही माणसं जिवंत आहेत की मेली? सरकारचं मत काय? होय किंवा नाही. बस."

आईनं अप्पांचा दंड धरला. अप्पांचं तोंड उतरलं.

"आहो, तसें नका विचारूं," अप्पा म्हणाले.

"का?"

"तो शब्द... भरल्या सभेंत. सगळा देश ऐकेल. आमची पोर कुंकू लावते हो."

"अहो पण तेच तर विचारायचंय!"

"सुखरूप परत आणायला सरकार काय करतें, असें विचारा. अर्थ तोच की."

"अर्थ तोच नाही," मी म्हणाले. काचेच्या त्या कपाटात माझाच आवाज माझ्या कानात घुमला. "अप्पा, असं विचारलं तर प्रयत्न चालू आहेत म्हणतील. मी रोज टाइप करते ते उत्तर."

"तूं गप्प बैस," आई म्हणाली. "धाकटीनें मध्यें बोलूं नये."

पलीकडे खासदारसाहेब हसले, पण ते हसणं मोठं नव्हतं. "माझी आई पण अशीच. शुभ बोल रे नाऱ्या, म्हणायची मला. कळलं मास्तर मला. तुमच्या मनाविरुद्ध नाही बोलणार. घरातली लेक आहे ती."

आणि तिथेच सगळं संपलं. हा खासदार तमिळ असता, बंगाली असता, पंजाबी असता, तर त्यानं म्हाताऱ्याचं बोलणं कानाआड केलं असतं आणि ठोकून विचारलं असतं. पण हा आमच्याच भाषेतला निघाला. घरात बोलायचे आणि न बोलायचे शब्द त्यालाही आईनंच शिकवलेले. आपला माणूस मिळाला म्हणून आम्ही आनंदलो होतो, आणि आपला होता म्हणूनच त्यानं आमचं ऐकलं. याचा राग मी कुणावर काढू, सांगा?

त्या दिवशी सकाळपासून गल्लीतली माणसं आमच्याकडे. दुसऱ्या दिवशीच्या सणासाठी आईनं पोरी उरुंडै, म्हणजे चुरमुऱ्यांचे गुळातले लाडू, आधीच करून ठेवलेले. शेजारचा एकजण छपरावर चढून अँटेना धरून उभा. प्रश्नोत्तराचा तास तेव्हा नुकताच टीव्हीवर दाखवायला लागले होते, आणि आमचा टीव्ही काळापांढरा. सभापतींनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला. मंत्री उठले. सत्ताधारी पक्षातले बडे पुढारी, पांढरेशुभ्र कपडे, हळू आवाज. उत्तर सभागृहासमोर ठेवलं आहे म्हणाले आणि बसले. मग खासदारसाहेब उठले.

त्यांचा तो नगाऱ्यासारखा आवाज नव्हताच. खाली मान घालून, अदबीनं, हिंदीत त्यांनी विचारलं, की या बेपत्ता खलाशांच्या घरी त्यांच्या बायका आज कुंकू लावून वाट पाहत आहेत. त्यांना सुखरूप परत आणण्यासाठी सरकार काय करत आहे?

मंत्र्यांनी मान कलती केली. हसले. ते हसू मी तिथे पाहिलं. म्हणाले, माननीय सदस्यांच्या भावनेचा मी आदर करतो. ज्या माताभगिनी वाट पाहत आहेत त्यांच्या आशेला धक्का लागेल असा एकही शब्द हे सरकार उच्चारणार नाही. सर्वतोपरी प्रयत्न चालू आहेत.

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची. विरोधकांनीसुद्धा वाजवली! आठवडाभर एकमेकांच्या अंगावर धावणारी ती माणसं आमच्या अक्काच्या आशेवर एक झाली. सभापतींनी पुढचा क्रमांक पुकारला, कुठल्याशा खताबद्दल होता.

अप्पा रडत होते. आनंदानं. "किती सभ्य मनुष्य," म्हणाले. "काय बोलले पाहा, एकही शब्द उच्चारणार नाहीं." आई लाडू वाटत सुटली. छपरावरचा माणूस खाली उतरला, त्यालाही दिला. मी अक्काला शोधलं. ती भिंतीला टेकून उभी होती, टीव्हीकडेच पाहत. तिथे आता खताचं चाललं होतं. कुणीतरी तिच्याही हातात लाडू ठेवला. तो तिनं खाल्ला नाही, टाकलाही नाही.

माझं मन मात्र मला स्वस्थ बसू देईना. काही आठवड्यांनी मी एकटीच बूथवर गेले आणि खासदारसाहेबांना गाठलं. त्यांचा आवाज पडलेला. म्हणाले, "ताई, तुम्हांला सांगतो. बाहेर लॉबीत त्या मंत्र्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बरं झालं सरळ नाही विचारलंत. विचारलं असतंत तर मला सांगावं लागलं असतं."

"काय सांगावं लागलं असतं?"

"ते नाही बोलला. पण कळलंच की मला." मग म्हणाले, "माझं चुकलं. मी तुमच्या वडलांचं ऐकायला नको होतं. पुढच्या अधिवेशनात धरतो त्याला."

मी तशीच घरी आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. अप्पा वेताच्या खुर्चीत बसले होते. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लॉबींतलें बोलणें तें सभेंतलें नव्हे. सभेंत बोललें तेंच खरें." मी ओरडले, हवं तसं बोलले. आई दोन्ही हातांनी कान झाकून घेऊन उभी राहिली. स्वयंपाकघरात अक्काचा पीठ वाटायचा रगडा चालू होता. तो थांबला, आणि ती बाहेर आली, हात पिठानं भरलेले.

"मला कुणी विचारलेंत?" ती म्हणाली. "फोनला मला नेलें असतेंत, तर मी म्हटलें असतें, विचारा म्हणून."

एवढंच. मग ती परत आत गेली आणि रगडा सुरू झाला. अप्पांनी त्या दिवशी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, पण ते सांगायची हिंमत मलाही झाली नाही.

पुढचं अधिवेशन आलं ते दंग्यात गेलं. त्याच्या पुढे निवडणुका. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढचे सगळे प्रश्नही रद्द होतात, हा नियम अप्पांनीच मला शिकवलेला. खासदारसाहेब निवडणुकीत पडले. अधूनमधून पत्र लिहीत, देवनागरीत. अप्पा ते वाचून दाखवताना मधले मधले शब्द गाळतात हे माझ्या लक्षात आलं, आणि त्या रागापायी मी देवनागरी शिकले. शिकेपर्यंत पत्रं यायची थांबली होती.

सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला तर कोर्टात अर्ज करता येतो, मृत मानावं म्हणून. मी कचेरीतली, मला ठाऊक होतं. मी तो विषय काढला की अप्पा म्हणत, "सभेंत उत्तर दिलेंय की प्रयत्न चालू आहेत. मग आपण कसें म्हणायचें?" मला हसू यायचं, आणि मग हसूच यायचं बंद झालं. एका मंत्र्याचं एक वाक्य, ज्यानं ते म्हटलं त्याला संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल, आणि आमच्या घरात त्यावर एक बाई आयुष्यभर कुंकू लावत होती. पुष्कळदा वाटतं, मंत्र्यानं खोटं सांगितलं असतं तर बरं होतं. खोटं पकडता येतं. गोड बोलणं कसं पकडायचं?

अप्पा गेले तेव्हा अक्काच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. आई त्यानंतर खूप जगली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण रोज सकाळी अक्काचं कपाळ पाहिल्याशिवाय ती कॉफीला तोंड लावत नसे.

आईचं वर्षश्राद्ध झालं. त्याच कार्तिगैत, एका सकाळी, अक्का फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चिन्नी, शास्त्रींना बोलाव. आणि पापनाशमला फोन करून माझ्या दिराला ये म्हण. आतां करून टाकूं."

मी काय म्हणून विचारलं नाही. शास्त्रींना बोलावलं.

ज्याचा देह मिळालेला नाही त्याचा दर्भाचा माणूस करतात आणि त्याचं दहन करतात. तिरुवैयारूला कावेरीच्या काठी आम्ही गेलो, अक्का, मी, भावजींचा धाकटा भाऊ आणि शास्त्री. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं. शास्त्रींनी दर्भाच्या जुड्या बांधून हात केले, पाय केले. केवढासा तो माणूस, माझ्या हाताएवढा. मग संकल्पाला बसताना त्यांनी विचारलं, "तिथी कोणती धरूं?"

कुणालाच माहीत नव्हती. जहाज कुठल्या दिवशी गेलं, कुणी सांगितलं होतं?

"देह मिळाला नाहीं, तर बातमी कळली त्या दिवसाची तिथी धरतात," शास्त्री म्हणाले.

"बातमी कुणी दिलीच नाही," मी म्हणाले.

"दीपमच्या आदला दिवस धरा," अक्का म्हणाली. "दिल्लींत विचारलें तो. त्या दिवशीं मला कळलें."

"काय कळलें, मन्नी?" तिच्या दिरानं विचारलं. तमिळमध्ये वहिनीला मन्नी म्हणतात.

"हे मेलेत म्हणून. तो मंत्री इतकें गोड बोलला ना, तेव्हांच कळलें. जिवंत माणसाच्या बायकोशीं कुणी इतकें सांभाळून बोलत नाहीं."

मी तुपाची वाटी खाली ठेवली. "मग अक्का, इतकी वर्षं हे कुंकू?"

"अप्पांना लागत होतें," ती म्हणाली. "आणि आईला."

दिरानं अग्नी दिला. दर्भ वाळलेला, भर्रकन पेटला. अक्का वाळूत खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, भावजींचं नाव घेऊन, जसं नवरा गेल्यावर कुणीही बाई रडेल तसं. काठावर कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. शास्त्रींनी मंत्र थांबवला. आम्ही कुणीच तिला गप्प केलं नाही.